राम आळीतला नाणेवाला: दाखवायला जा, विकायची घाई नको

घरात जुन्या रुपयांचा डबा आहे, त्यातलं मोलाचं कुठलं आणि नुसत्या चांदीच्या भावाचं कुठलं ते कळत नाही, आणि रत्नागिरीला येणं-जाणं आहे, अशा कुणालाही मी या दुकानात जायला सांगेन. नाणं ओळखून घ्यायला पाचपैकी साडेचार गुण. विकायला पाचपैकी दोन. असं का, ते पुढे येईलच.

दुकानाचं नाव विचारू नका. पाटीवर 'जुनी नाणी व पितळी भांडी' एवढंच लिहिलंय, आणि तेही निम्मं पावसाने धुऊन नेलंय. राम आळीत शिरून 'नाणेवाले काका' म्हटलं की कुणीही बोट दाखवतं. आत जेमतेम दोन गिऱ्हाइकं बसतील एवढी जागा. वर समया आणि घंगाळी टांगलेली, खाली काचेच्या कपाटात नाणी. काका सत्तरीपुढचे, गळ्यात दोरीला बांधलेलं दहापटीचं भिंग. नाणं ओळखून सांगायचे वीस रुपये, रोख. डबा मोठा असेल तर घासाघीस चालते, मी केली. त्याच नाण्याचा सौदा झाला तर वीस रुपये परत, असं ते सुरुवातीलाच सांगतात. ही शेवटची अट नीट लक्षात ठेवा.

आम्हाला गरज पडली ती वाटणीमुळे. आमचं घर पावसच्या अलीकडे, सध्या तिथे मी होम-स्टे चालवते. सासूबाईंच्या देव्हाऱ्याखाली रुपयांचा एक डबा होता. लक्ष्मीपूजनाला बाहेर यायचा, चिंचेने घासून, हळदकुंकू लावून पुन्हा आत जायचा. त्या गेल्यावर तो आम्हा तिघी जावांत वाटायचा ठरला. मोजून तीन भाग करणं सोपं होतं. पण मोठ्या जाऊबाईंनी 1840 चे रुपये आधीच बाजूला काढून ठेवले होते, सर्वात जुने म्हणून सर्वात किमती असं धरून. धाकटीला तिच्या भावाने मोबाइलवर काहीतरी दाखवलं होतं, ती 1862 वर अडून बसली. मला म्हटलं तर काहीच नको होतं, पण उद्या कुणी 'आम्हाला फसवलंत' म्हणायला नको. म्हणून डबा पिशवीत घातला आणि एसटी धरली.

काकांची पद्धत मला आवडली ती एका गोष्टीसाठी. ते तारीख बघतच नाहीत. म्हणजे बघतात, पण सर्वात शेवटी. नाणं हातात आलं की अंगठा तारखेवर ठेवतात आणि पहिल्यांदा काट्यावर टाकतात. काटा साधाच, खिशात मावणारा, ग्रॅममध्ये दशांशानंतरचे दोन आकडे दाखवणारा. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1835 च्या कायद्यापासून ते 1939 पर्यंतच्या कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या रुपयाचं वजन एकच, 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम. आपला जुना तोळा तोच. त्यात चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. वापरून झिजलेला रुपया 11.4, 11.3 दाखवतो. अकराच्या खाली गेला की काका भुवया वर करतात. आणि नवाकोरा दिसणारा, धारदार नक्षीचा रुपया वजनाला कमी भरला तर सरळ बाजूला ठेवतात: "झिजला नाही तर वजन गेलं कुठे, वहिनी?"

मग कड. दोन बोटांत धरून फिरवायची, दात सारखे आहेत का, मध्ये कुठे सांध्याची रेघ आहे का. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याला कडेवर बहुतेक जोड दिसतो, आणि भिंगातून बघितलं तर सपाट भागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात. ठशाने मारलेल्या नाण्यावर ते नसतात. बाजारात बांगडा घेताना आपण डोळ्यांवर न थांबता कल्ला उघडून बघतो, तसलाच हा प्रकार. नाण्याचा चेहरा चोपडता येतो, कडेकडे लबाड माणूसही दुर्लक्ष करतो.

त्यानंतर पाण्याचा पेला. हा भाग मला इतका पटला की आता मी तो घरीच करते आणि वीस रुपये वाचवते. काट्यावर अर्धा भरलेला काचेचा पेला ठेवायचा आणि आकडा शून्यावर आणायचा. रुपयाला शिवणाचा दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडायचा, पण तळाला किंवा काचेला लागू द्यायचा नाही, हातात लटकता ठेवायचा. काटा जो आकडा दाखवेल तो म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पूर्ण वजनाचा जुना कलदार असेल तर 1.13 च्या आसपास येतो. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की 10.3 मिळायला हवेत, मग नाणं झिजलेलं असो की कोरं. पितळेवर मुलामा दिलेलं असेल तर तेवढ्याच वजनाला आकडा 1.35 च्या पुढे जातो आणि भागाकार साडेआठाजवळ येतो. ना ॲसिड, ना ओरखडा, नाण्याला काही होत नाही. मुलामा डोळ्यांना फसवतो, पाण्याला नाही फसवता येत. फक्त पंखा बंद करा. वाऱ्याने काटा नाचतो, काकांच्या दुकानातही नाचत होता आणि ते दर वेळी पंख्यावर खेकसत होते.

हे सगळं झाल्यावर अंगठा निघतो.

आता मोठ्या जाऊबाईंचे 1840. काकांनी ते दोन ढिगांत टाकले. एका ढिगात राणीच्या डोक्यावरून 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं सलग कमानीसारखी गेलेली. दुसऱ्यात 'व्हिक्टोरिया' एका बाजूला, 'क्वीन' दुसऱ्या बाजूला, मध्ये डोकं. तारीख दोन्हींवर 1840 च. पण दुसरा प्रकार 1840 मध्ये पाडलेलाच नाही, तो पुढच्या दशकातला. कंपनीच्या टाकसाळींत तारीख गोठवून ठेवायची पद्धत होती. तोच आकडा वर्षानुवर्षं चालायचा. व्हिक्टोरियाच्या आधीच्या विल्यम राजाचा रुपया 1840 पर्यंत पाडला तरी त्यावर 1835 च. (त्यावर चौथा विल्यम लिहिताना चार उभ्या रेघा आहेत, आपण शाळेत शिकलो तसं रोमन चार नाही. ते बघून धाकटीच्या मुलाने नाणं खोटं ठरवलं होतं. खोटं नाही, तसंच आहे.) म्हणजे 1840 हा आकडा म्हणजे नाण्याचं वय नव्हे. त्यातला प्रकार ओळखायला अक्षरं सलग की तुटक ते बघायचं, मानेच्या कापावर खोदकार विल्यम वायनची आद्याक्षरं उठावाची की खोलगट ते बघायचं, आणि मागच्या बाजूच्या पानांच्या माळेतली बोरं मोजायची. हो, बोरं. माळेत बारीक दाणे असतात, त्यांची संख्या ठशागणिक बदलते आणि संग्राहक त्यावर भाव ठरवतात. काका पेन्सिलीच्या टोकाने मोजत होते, मी त्यांच्या मागून मोजत होते, आणि आमचा आकडा जुळला नाही. त्यांनी पुन्हा मोजले, चिडचिड न करता.

धाकटीच्या 1862 ची गोष्ट याहून मजेची. कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, आणि मुकुटवाल्या राणीचा नवा रुपया 1862 मध्ये निघाला. मग 1874 पर्यंत तारीख पुन्हा गोठली. बाहेरून बघणाऱ्याला सगळे सारखे. पण मुंबईच्या टाकसाळीने आपल्यापुरती एक सोय केली होती. तारखेच्या खाली आणि वरच्या बाजूला बारीक ठिपके टाकून ती वर्ष नोंदवायची. म्हणजे 1862 च्या दोन रुपयांत कुठल्या जागी किती ठिपके आहेत यावरून नाणं खरं कुठल्या सालचं ते लागतं. काही मांडण्या ढिगाने मिळतात, काहींसाठी संग्राहक रांग लावतात. साध्या डोळ्यांना ठिपका आणि मळ यांत फरक दिसत नाही. भिंगाखाली दिसतो: ठिपका गोल, उठावाचा आणि कडेला स्वच्छ असतो, मळाला आकार नसतो. आणि चिंचेने घासघासून आमच्या डब्यातल्या निम्म्या नाण्यांवर तिथे आता ना ठिपका आहे ना मळ. सासूबाईंचा दोष नाही, देवाचा रुपया लखलखीत हवा अशीच घराघरातली रीत.

तारखा खऱ्या सुरू होतात 1874 पासून. 1877 पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' येतं. तिथून पुढे टाकसाळीची खूण शोधायची. राणीच्या रुपयावर मागच्या बाजूला अगदी तळाशी, तारखेखाली, 'बी' हे इंग्रजी अक्षर असेल तर मुंबई. ते कधी उठावाचं असतं, कधी खोलगट, आणि त्या फरकालाही किंमत आहे. काहीच नसेल तर बहुधा कलकत्ता. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे तळाच्या कमळाखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, कलकत्त्याला ठिपका नाही. दुसऱ्या महायुद्धात लाहोरला टाकसाळ निघाली, तिची खूण 'एल'. एवढं पाठ असलं की घरच्या घरी डब्याची पहिली निवड होते.

इथे दुकानाची एक उणीव सांगते. उजेड. काका ट्यूबलाइटखाली बघतात, आणि ठिपका, खोलगट अक्षर असल्या गोष्टींना वरून पडणारा सपाट उजेड कामाचा नाही. बाजूने, तिरका उजेड लागतो, म्हणजे उठावाची सावली पडते. मी मोबाइलची विजेरी नाण्याच्या कडेला आडवी धरली तेव्हा एका एम्प्रेसच्या रुपयावर खोलगट 'बी' उमटला. काकांनी तो आधी कलकत्त्याच्या ढिगात टाकला होता. त्यांनी मान्य केलं आणि ढीग बदलला. पण मी विजेरी धरली नसती तर? तेव्हा जाताना मोबाइल चार्ज करून जा आणि संकोच करू नका.

राजाछाप रुपयांत काकांचं बोलणं रंगतं. 1911 चा रुपया म्हणजे 'डुकराचा रुपया'. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर जी साखळी आहे तिच्यात हत्ती आहे, पण ठशात त्याची सोंड आणि पाय इतके आखूड उतरले की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली. दोन्ही टाकसाळींत मिळून 94 लाख रुपये पाडले होते, त्यातले साधारण सात लाख लोकांच्या हाती गेले होते, बाकीचे सरकारने वितळवले. 1912 मध्ये हत्तीला सोंड मिळाली. म्हणून 1911 आणि 1912 शेजारी ठेवून भिंगातून हत्ती बघायचा. आमच्या डब्यात 1912 चे होते, 1911 चा नाही. काकांनी कपाटातला त्यांचा काढून दाखवला, हातात मात्र दिला नाही.

उलट 1918 चा रुपया. जुनाट दिसतो, छान वाजतो, आणि घरोघरी आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई झाली की सरकारने 1917 च्या नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट काढली. दुसऱ्या वर्षी अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानसाठी विकली आणि टाकसाळींनी रुपयांचा पाऊस पाडला. त्यामुळे 1918 ते 1920 चे रुपये चांदीच्या भावाच्या जरा वर जातात, फार नाही. 1921 आणि 1922 चे मात्र कमी पाडले गेले, ते दिसले तर वेगळे ठेवा. तसंच राणीच्या शेवटच्या काळात, 1893 मध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. त्यानंतरच्या काही वर्षांचे रुपये आधीच्या मानाने तुटपुंजे. तारीख महत्त्वाची ती अशी, त्या साली टाकसाळीत काय चाललं होतं यामुळे. नाणं जुनं की नवं हा त्यात फार छोटा भाग.

1939 हा सहाव्या जॉर्जचा जुन्या चांदीचा शेवटचा रुपया आणि सगळ्यात दुर्मीळांपैकी एक, कारण फार थोडे बाजारात उरले. म्हणूनच सर्वात जास्त खोटे निघतात तेही त्याचेच. मी बसले असताना खेडहून आलेला एक तरुण हा रुपया घेऊन आला, चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. वजन बरोबर, कड बरोबर, पाण्यातला आकडाही बरोबर. काकांनी भिंग त्याच्याच हातात दिलं आणि म्हणाले, "शेवटचा नऊ बघ, आणि त्याच्या मागचा नऊ बघ. एकाच आईची लेकरं वाटतात का?" खरंच, शेवटच्या आकड्याची शेपटी जाड, आणि भोवतालचा भाग खरवडून गुळगुळीत केलेला. 1938 चा खरा रुपया, आठाचा नऊ केलेला. पाण्याचा पेला इथे हरतो, कारण चांदी खरीच असते. तो तरुण बराच वेळ भिंगातून बघत राहिला. काकांनी त्याच्याकडून वीस रुपये घेतले नाहीत, ही गोष्टही नोंदवून ठेवते.

1940 पासूनचे रुपये वेगळेच. चांदी निम्मी, 40 टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. कडेच्या दातांमध्ये एक खाच आणि तिच्यात नक्षी, खोट्या नाण्यांना आळा घालायला. काउंटरवर टाकलं तर आवाज बसका. वजन 11.66 च, पण पाण्यात आकडा 1.22 च्या जवळ येतो. पितळेचं समजून टाकून देऊ नका आणि पूर्ण चांदीचं समजून कुणी दिलं तर घेऊ नका. शुद्ध चांदी त्यात 5.83 ग्रॅम. 1947 चा पाठीवर वाघ असलेला रुपया तर निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. धाकटीने तोही चांदीत मोजला होता.

चवल्या, पावल्या, अधेल्यांकडे, म्हणजे दोन, चार आणि आठ आण्यांच्या नाण्यांकडे काका फारसं लक्ष देत नाहीत. हा माझा दुसरा आक्षेप. रुपयाला पाच मिनिटं आणि पावल्यांची अख्खी मूठ काट्यावर एकदम टाकून 'भाव चांदीचा' असं म्हणून मोकळे. छोट्या नाण्यांतही दुर्मीळ वर्षं असतात, आणि 1919 च्या अधेलीसारखी काही चांदीची नसतातच, तांबं-निकेलच्या गिलटाची असतात. तुमच्याकडे पावल्याच जास्त असतील तर एकेक दाखवायचा आग्रह धरा, किंवा दुसरीकडे जा.

या दुकानात बसायचं खरं सुख म्हणजे इतरांचे डबे बघायला मिळतात. आपला किनारा, इथे फक्त राणी आणि राजा नसतात. मिरकरवाड्याचे एक चाचा रुमालात बांधून एक मोठं थोरलं नाणं घेऊन आले होते, रुपयाच्या अडीचपट वजनाचं, वर एक जाडजूड बाई आणि तारीख 1780. त्यांचे आजोबा फतेमारी गलबतावर तांडेल, मस्कतपर्यंत जायचे. चाचांची समजूत, नाणं अडीचशे वर्षांचं. काका हसले. ही ऑस्ट्रियाची मारिया तेरेसा. ती 1780 मध्ये वारली, पण अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापाऱ्यांना तेच नाणं हवं असायचं, दुसरं घेत नसत. म्हणून तोच ठसा, तीच तारीख, पुढे कितीतरी टाकसाळींनी पाडली. 1940-41 मध्ये आपल्या मुंबईच्या टाकसाळीनेसुद्धा. वजन 28 ग्रॅमच्या किंचित वर, चांदी 83 टक्के. चाचा म्हणाले, "म्हणजे माझा आज्जा मस्कतला गेला आणि मुंबईचंच घेऊन आला असंल?" काका म्हणाले, ठशाचे बारकावे तपासल्याशिवाय सांगत नाही, नाणं ठेवून जा. चाचा ठेवून गेले नाहीत. मी पण नसतं ठेवलं.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून पोर्तुगीज रुपये येतात. 1881 आणि 1882 च्या राजा लुईसच्या रुपियावर गोव्याचं राज्य, पण नाणं कलकत्त्याच्या टाकसाळीत पाडलेलं, वजन आणि कस आपल्या रुपयासारखाच, कारण इंग्रज आणि पोर्तुगीजांचा तसा करार झाला होता. पुढचा 1912 चा, राजा गेल्यावरच्या प्रजासत्ताकाचा. मराठेशाहीतल्या अंकुशी रुपयांची एक वाटीही काकांकडे आहे. जाड, वेडेवाकडे, ठसा अर्धाच उमटलेला, त्यावर अंकुशाची खूण शोधायची. आणि फारसी अक्षरांतले सुरती रुपये, मुघल बादशहा शाह आलमच्या नावाचे आणि त्याच्या राज्याच्या सन 46 चे, जे इंग्रजांनी मुंबईत पाडले, बादशहाचं 46 वं वर्ष संपून गेल्यावरही. पुन्हा गोठलेली तारीख! हे फारसीचं काम काकांना नीट येतं, वाचून दाखवतात. त्याचे वेगळे पन्नास घेतात आणि ते मला रास्त वाटले.

राम-सीता किंवा हनुमान असलेला, 1818 चा 'ईस्ट इंडिया कंपनीचा अर्धा आणा' घेऊन जाऊ नका. ती देवळाबाहेर विकली जाणारी टोकनं आहेत, नाणी नव्हेत. काकांच्या दारावर तसा कागदच चिकटवलाय, तरी लोक आणतात. 'तांदूळ ओढणारं नाणं' अशी थाप मारत कुणी घरी आलं तर चहासुद्धा देऊ नका.

आता विकण्याचं. काका नाणं ओळखतात आणि तेच विकत घेतात, ही यातली गोम आहे. मला त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. ठिपके दाखवले, प्रकार दाखवला, कपाटातल्या इंग्रजी कॅटलॉगचं पान उघडून समोर ठेवलं. पण भाव विचारला की स्वर बदलतो. 'घासलेलं आहे', 'कडी लावून काढल्याची खूण आहे', 'गिऱ्हाईक कुठे आहे रत्नागिरीत'. तिन्ही गोष्टी खऱ्या. घासलेल्या, भोक पाडलेल्या, माळेत ओवायला डाग दिलेल्या नाण्याची किंमत पडतेच. तरी त्यांनी एका 1862 ला सांगितलेला भाव निव्वळ चांदीच्या किमतीला चिकटून होता, आणि ते नाणं त्यांनीच तासाभरापूर्वी 'बरं आहे हो' म्हणून वेगळं ठेवलं होतं. वीस रुपये परत मिळतात म्हणून भुलू नका. ओळख लिहून घ्या, घरी या, मुंबईच्या एखाद-दोन लिलावांत तशीच नाणी कितीला गेली ते बघा. आणि काका लिहून देत नाहीत, तेव्हा वही आपली न्या. 'पावती कशाला, मी कुठे पळतोय' हे उत्तर मला पटलेलं नाही.

मोबाइलवर 'तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये, आधी कमिशन भरा' म्हणून फोन येतात, ते मात्र निव्वळ चोर. रिझर्व्ह बँकेचं नाव घेतात. बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलंय की ती असले व्यवहार करत नाही आणि कुणाला तसे पैसेही घ्यायला सांगितलेले नाहीत. काकांकडे भाव कमी मिळेल, पण निदान माणूस समोर असतो.

दोन गोष्टी कायद्याच्या, काकांनीच सांगितलेल्या. विहीर खणताना, जोतं काढताना जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर 1878 च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. ते काका घेत नाहीत, उलट हाकलतात. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आमचा भाचा आखातात असतो, त्याला आठवण म्हणून एक राणीछाप न्यायचा होता. त्याला पाचव्या जॉर्जच्या बायकोचं चित्र असलेलं काहीतरी स्वस्तातलं पदक घेऊन दिलं, तो खूश.

त्यांच्याकडच्या प्लॅस्टिकच्या पाकिटांचे अल्बम घेऊ नका. तिसरा आणि शेवटचा आक्षेप. मऊ, वास येणारं पीव्हीसी आहे ते. आपल्या खारट दमट हवेत त्यातून चिकट हिरवट थर सुटतो आणि नाण्यावर बसतो. कपाटातल्या त्यांच्याच काही नाण्यांना तो बसलेला दिसतो. जाड कागदी चौकटीचे, पारदर्शक कडक खिडकीचे होल्डर मुंबईहून मागवता येतात, तेच बरे. तोवर एकेक नाणं कोऱ्या कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. आणि चिंच, पीतांबरी, राख, टूथपेस्ट, काहीही नको. काळं पडलंय तर पडू दे. काका तर म्हणतात, काळा रुपया आणा, मी जास्त भाव देतो. ते भाव जास्त देत नाहीत, पण घासलेल्यापेक्षा बरा देतात.

वाटणीचं म्हणाल तर काकांच्या ढिगांप्रमाणे वहीत तीन याद्या केल्या, चिठ्ठ्या टाकल्या, ज्याची त्याला. मोठ्या जाऊबाईंना 1840 चे निम्मेच मिळाले, त्या आठ दिवस बोलल्या नाहीत, आता बोलतात. लक्ष्मीपूजनाला ठेवायचा रुपया आम्ही 1918 चा ठरवला, तो कितीही घासा.

दुकान सकाळी दहा ते एक, मग काका जेवायला आणि झोपायला घरी जातात, साडेचारला पुन्हा उघडतं. ती झोप ते कुणासाठी मोडत नाहीत. गुरुवारी बंद. गणपतीत आणि शिमग्याला पाटी असो नसो, बंदच समजा. गाडी आळीत नेऊ नका, बाहेर लावून चालत या. सुट्टे न्या. यूपीआयचा कागद भिंतीवर आहे, पण तो त्यांच्या मुलाच्या खात्याचा, आणि मुलगा पुण्याला असतो.